‘पित्त असेल’ म्हणण्याआधी : हृदय बंद पडण्यापूर्वीच्या खुणा कशा ओळखायच्या

माझ्या थोरल्या काकांनी त्या रात्री स्टीलच्या पेल्यात पित्ताची पुडी टाकली, फेस बसायच्या आत पाणी घटाघट प्यायले आणि ढेकर यायची वाट बघत पलंगावर बसून राहिले. डिसेंबर होता. आम्ही सगळे शाली लपेटून बसलेलो, आणि काकांचं बनियन मात्र पाठीला चिकटलेलं. काकूनं विचारलं, “एवढा घाम कसला?” काका म्हणाले, “पित्त खवळलंय. एक उलटी झाली की मोकळं वाटेल.” बोलताना उजवा तळहात छातीच्या मधोमध दाबून धरला होता. तो हात मी पाहिला होता. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

पहाटे चारच्या सुमाराला ते बाथरूमला जायला उठले आणि दारातच कोसळले. हातपाय दोन-तीनदा झटकले, म्हणून कुणीतरी “फिट आली, कांदा आणा” म्हणालं. कांदा फोडून नाकाशी धरला. तोंडानं मोठमोठे आचके येत होते, त्यामुळे “श्वास चालू आहे” असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. गाडी यायला वीस मिनिटं लागली. घरात सात माणसं होती आणि एकानंही त्यांची छाती दाबली नाही. दाबायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

पुढे मी प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. आता सोसायट्या, गणेश मंडळं, बचत गट, जिथे कुणी बोलावेल तिथे जाऊन शिकवतो. कार्यक्रम संपला की दर वेळी कुणीतरी मागे थांबतं आणि आपल्या घरातली गोष्ट सांगतं. माणसं वेगळी, गावं वेगळी, शब्द मात्र तेच : पित्त, गॅस, चमक, थकवा, चक्कर, फिट. शरीरानं सांगितलेलं असतं, आपण त्याला रोजच्या ओळखीचं नाव देतो आणि झोपायला जातो. म्हणून हा लेख मी त्या शब्दांना धरूनच लिहितोय. वैद्यकातलं काहीही ठाऊक नसलेल्या माणसानं वाचावा आणि एकदा घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवावा, एवढीच इच्छा आहे.

पहिली पायरी : झटका वेगळा, हृदय बंद पडणं वेगळं

वर्तमानपत्रात ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन’ असं एकच वाक्य छापून येतं आणि गावाकडे ‘हार्ट फेल झालं’ म्हणतात. त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात जातात.

शेतातल्या मोटरीचं उदाहरण घेऊ. पाइपलाइनमध्ये गाळ अडकला, तर मोटर चालू असते पण पुढच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. हा हार्ट अटॅक, म्हणजे झटका. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबते आणि त्या भागाचे स्नायू मरू लागतात. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, दुखतंय म्हणून सांगतो. आता मोटरीचा वीजपुरवठाच बिघडला असं समजा. ती नुसती घुंघुं करते, पाणी उचलत नाही. हा कार्डियाक अरेस्ट. हृदयाला ठोके द्यायला लावणारी वीज भरकटते, हृदय थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. काहीच केलं नाही तर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला सुरुवात होते.

या दोघांचं नातं जवळचं आहे. झटका आलेल्या हृदयाची वीज कोणत्याही क्षणी बिघडू शकते, आणि पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्यांत अरेस्टमागचं सगळ्यांत मोठं कारण तुंबलेल्या धमन्या हेच असतं. म्हणून झटक्याच्या खुणा ओळखणं म्हणजे अरेस्टच्या आधीच माणसाला गाठणं. माझे काका पुडी प्यायले तेव्हा त्यांना झटका येऊन गेलेला होता आणि हृदय बंद पडायला अजून चार-पाच तास होते. दवाखाना आमच्या घरापासून अकरा किलोमीटरवर होता.

दुसरी पायरी : घरातले शब्द आणि त्यांच्या मागे लपलेल्या खुणा

‘अचानक गेला हो, काहीच होत नव्हतं’ हे वाक्य सांत्वनाच्या प्रत्येक भेटीला कानावर पडतं. कित्येकदा ते खरंही असतं. पण अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंड शहर परिसरात डॉ. सुमीत चुघ यांच्या गटानं ३५ ते ६५ वयाच्या, हृदय बंद पडलेल्या ८३९ लोकांची माहिती खोदून काढली. त्यांतल्या ५१ टक्के लोकांना आधीच्या चार आठवड्यांत काही ना काही त्रास झालेला होता. बहुतेकांना तोच त्रास शेवटच्या चोवीस तासांत पुन्हा झाला होता. यांतल्या फक्त १९ टक्के लोकांनी रुग्णवाहिकेला फोन केला. फोन करणाऱ्यांतले ३२ टक्के वाचले, न करणाऱ्यांतले ६ टक्के. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. या आकड्यांसाठीच मी गावोगाव हिंडतो.

‘पित्त झालंय, गॅस धरलाय.’ सगळ्यांत जास्त माणसं या शब्दानं नेली आहेत. हृदयाचं दुखणं सुरी खुपसल्यासारखं असतं अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात पेशंट सांगतात ते असं : छातीवर कुणीतरी बसलंय, पट्टा आवळलाय, जडजड वाटतंय, जळजळतंय. बोटानं जागा दाखवा म्हटलं तर बोट दाखवत नाहीत, अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतात. दुखणं वर घशात, जबड्यात, दातांत, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत खवाट्यांच्या मध्ये जातं, किंवा नुसतं बेंबीच्या वर पोटातच राहतं. सोबत मळमळ किंवा उलटीही होते, त्यामुळे पित्ताची खात्रीच पटते.

मग फरक कसा करायचा? घरी बसून शंभर टक्के करता येत नाही, हे आधी मान्य करावं. डॉक्टरांनासुद्धा ईसीजी आणि रक्ताची तपासणी लागते. तरी काही गोष्टी पित्ताच्या बाजूनं बोलत नाहीत : गार घाम, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दुखणं, दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारा दाब, सोबत धाप किंवा हातात उतरलेली कळ, आणि ‘आयुष्यात असं कधी झालं नव्हतं’ हे पेशंटचं स्वतःचं म्हणणं. यांतली एक जरी असली तरी पुडी, ओवा, लिंबू-सोडा बाजूला ठेवा आणि निघा. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणून ते पित्तच होतं असं ठरत नाही.

‘चमक भरली, नस दबली.’ अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत शूटिंगच्या दिवशी झटका आला. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं की शेवटच्या शॉटनंतर त्यांना धाप लागली आणि डावा हात दुखू लागला, पण दिवसभर मारामारीची दृश्यं केली होती म्हणून स्नायू आखडला असेल असं वाटलं. दवाखान्यात नेताना ते बेशुद्ध झाले, हृदय काही मिनिटं बंद पडलं, सीपीआर, म्हणजे छाती दाबून, आणि विजेचे झटके देऊन ते परत चालू केलं गेलं. दिवसभर अंगमेहनत केलेल्या कुणालाही जे वाटेल तेच त्यांना वाटलं. हात हलवल्यावर, दाबल्यावर दुखणं बदलत असेल तर स्नायू असण्याची शक्यता अधिक. हात कसाही ठेवला तरी आतून ठणकत असेल आणि दम लागत असेल, तर बाम चोळत बसू नका.

‘थकवा आहे, वयोमानानं होतं.’ हा शब्द आपण बायकांना लावतो, आणि बायका स्वतःला. बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी धाप, प्रचंड थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं असं रूप जास्त दिसतं. डॉ. चुघ यांच्याच गटाच्या २०२३ च्या अभ्यासात हृदय बंद पडण्याआधीच्या चोवीस तासांतली बायकांमधली ठळक खूण धाप ही होती, पुरुषांमध्ये छातीत दुखणं. ज्या आई दोन मजले भाजीची पिशवी घेऊन चढायच्या त्या गेल्या आठवड्यापासून पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून थांबत असतील, रात्री दोन उशा घेऊन झोपत असतील, तर ते वयोमान नाही. वय आठवड्यात वाढत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्यानं दोन घास खाणाऱ्या बाईला कुणी “तुला काय होतंय?” असं विचारतच नाही, म्हणून ही खूण घरातल्या दुसऱ्यानंच पाहायची असते.

मधुमेह असलेल्यांचंही असंच. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की नसा बधिर होतात आणि झटका न दुखता येऊ शकतो. त्यांच्या बाबतीत नुसता घाम, नुसती धाप, नुसतं ‘कसंतरी होतंय’ एवढंही पुरेसं समजा. ग्लुकोमीटर असेल तर साखर जरूर बघा, पण ती ठीक निघाली म्हणून थांबू नका.

‘चक्कर आली, उपाशी होता.’ उन्हात रांगेत उभं राहून, रक्त बघून, उपवासाच्या दिवशी चक्कर येते. डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस हळूहळू खाली बसतो, पाणी प्यायला की सावरतो. ही बहुतेक वेळा साधी असते. पण पळताना, पोहताना, गड चढताना, ढोल वाजवताना, म्हणजे ऐन मेहनतीच्या मध्येच कुणी धाडकन पडला आणि मिनिटाभरात उठून “काही नाही झालं” म्हणाला, तर ती घटना साखरपाणी देऊन मिटवू नका. तरुण मुलांमध्ये आनुवंशिक कारणानं हृदयाचे स्नायू जाड होणं किंवा हृदयाच्या विजेचा आनुवंशिक दोष असणं, याची ती पहिली आणि कधीकधी शेवटची सूचना असते. छाती आधी धडधडली आणि मग शुद्ध गेली, भांड्याच्या किंवा फोनच्या मोठ्या आवाजानं दचकून शुद्ध गेली, आडवं असताना शुद्ध गेली, तर हृदयरोगतज्ज्ञाकडेच जायचं. त्या दिवसापासून तपासणी होईपर्यंत खेळ, व्यायाम बंद.

‘फिट आली.’ हृदय बंद पडल्यावर मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि पहिल्या काही सेकंदांत हातपाय झटकू शकतात, डोळे फिरतात. बघणाऱ्याला आकडीच वाटते. मग कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, दातखीळ उघडायला चमचा. (खऱ्या आकडीतही यांतलं काहीच करायचं नसतं.) झटके थांबताच श्वास बघा. नसेल, तर ती आकडी नव्हती.

तिसरी पायरी : घराची वही

खुणा आयत्या वेळच्या. धोका कुणाला जास्त आहे हे मात्र आज दुपारीसुद्धा ठरवता येतं. एक वही घ्या आणि प्रत्येक माणसाचं एक पान करा.

पहिला प्रश्न घराण्याचा. आई-वडील, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी यांच्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? ‘झोपेतच गेला’, ‘चांगला पोहणारा होता, तरी विहिरीत बुडाला’, ‘पळता पळता पडला’, ‘लहानपणी फिट्स यायच्या, त्यातच गेली’ या गोष्टी आजीला विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि त्या काळी शवविच्छेदन झालेलं नसतं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार साधारण दर ५०० माणसांत एकाला असतो आणि तो आई किंवा वडिलांकडून मुलाकडे यायची शक्यता बहुतेक वेळा निम्मी असते. एकाला निघाला तर सगळ्या सख्ख्या नातेवाइकांचा ईसीजी आणि टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, व्हायला हवी. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर तोही मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरा प्रश्न, आधी हृदयाचं काही झालंय का? ज्याला एकदा झटका येऊन गेला, ज्याचं हृदय अशक्त आहे, ज्याला पूर्वी एकदा अरेस्ट झाला, त्याला धोका सगळ्यांत जास्त. इकोच्या रिपोर्टात ‘ईएफ’ लिहिलेलं असतं, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. औषधं चालू असूनही तो ३५ किंवा त्याखाली राहत असेल, तर ‘आयसीडी बसवायची गरज आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कातडीखाली बसवलेलं ते छोटं यंत्र वीज बिघडली की आतूनच विजेचा झटका देतं. डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये भर सामन्यात कोसळला. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला वाचवलं, आयसीडी बसवलं, आणि पुढच्याच वर्षी तो पुन्हा मैदानात उतरला. तपासण्यांवर तपासण्या झालेला व्यावसायिक खेळाडू होता तो. त्यामुळे ‘मी रोज जिमला जातो’ हे उत्तर या वहीत लिहू नका.

स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकलेल्यांसाठी एक ओळ लाल शाईत : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. ‘आता बरं वाटतंय, गोळ्यांची सवय लागेल’ म्हणून सोडलेल्या गोळीनं स्टेंट तुंबल्याची उदाहरणं स्टेंट टाकतात त्या कुठल्याही कॅथ लॅबमध्ये ऐकायला मिळतील.

मग रोजचे धोके. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर. एचबीएवनसी, म्हणजे साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी, ६.५ किंवा जास्त. वाढलेलं कोलेस्टेरॉल. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे. आपल्या दक्षिण आशियाई अंगकाठीसाठी ही मापं पाश्चात्त्यांपेक्षा कमी धरतात, कारण आपल्याला हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. रात्रीचं जोरदार घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जागं होणं. मूत्रपिंडाचा आजार. अतिरेकी दारू.

तंबाखूवर थोडं थांबतो. सिगारेटचा धोका सगळ्यांना पाठ आहे. पण ‘मी ओढत नाही, फक्त चुना लावून चिमूटभर’ म्हणणाऱ्यांना आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय ज्यांचं पोट साफ होत नाही त्या आया-बायांना कुणी विचारतच नाही. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं. वहीत मशेरीही लिहा. माझ्या वर्गात मी हा प्रश्न वेगळा विचारतो, कारण ‘तंबाखू खाता का?’ला ‘नाही’ म्हणणारा हात ‘मशेरी लावता का?’ला हळूच वर येतो.

आणि औषधांचं पान. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम खाली गेलं की हृदयाची वीज बिघडू शकते. काही अँटिबायोटिक, मलेरियाची आणि मानसिक आजाराची काही औषधंही तसं करू शकतात. औषधं थांबवायची नाहीत. प्रत्येक नव्या डॉक्टरांना चालू गोळ्यांची यादी दाखवायची.

चौथी पायरी : खूण दिसली, माणूस शुद्धीवर आहे

हा सगळा वेळ तुमच्या हातातला आहे. माणसाला चालवू नका, जिना उतरवू नका, स्कूटरवर मागे बसवू नका. टेकून अर्धवट बसवा, कपडे सैल करा आणि १०८ लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, गोव्यातही हाच नंबर; ११२ सुद्धा चालतो. रुग्णवाहिका का, गाडी का नाही? कारण वाटेत हृदय बंद पडलं तर गाडी चालवणारा काहीच करू शकत नाही. रुग्णवाहिका फार लांब असेल तर गाडीच काढा, पण पेशंटनं स्वतः चालवायची नाही आणि मागच्या सीटवर छाती दाबता येणारा माणूस हवा.

कुठे न्यायचं हे आज ठरवून ठेवा. चोवीस तास अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली धमनी आतून उघडणं, जिथे होतं ते जवळचं हॉस्पिटल कुठलं, ते फोन करून विचारा. ‘रात्र काढू, सकाळी आपल्या डॉक्टरांना दाखवू’ यात स्नायू मरत जातात. खर्चाच्या भीतीनं थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार बसतात. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशनकार्ड घेऊन त्याला गाठा.

पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी दुखणं चालू असेल तर घरी परत येऊ नका. झटक्याच्या सुरुवातीला तो साधा दिसू शकतो, म्हणून काही वेळानं पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणी करतात. ‘पुन्हा कधी काढायचा?’ एवढं विचारायचा संकोच धरू नका.

गोळ्यांबद्दल. ॲस्पिरिनची ॲलर्जी, अल्सर किंवा रक्तस्राव नसेल तर साधी ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून खायला सांगतात; पण फोनवर डॉक्टरांना किंवा १०८ ला विचारून. शेजाऱ्यांच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका. रक्तदाब आधीच पडलेला असला किंवा पेशंटनं सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक दुर्बलतेवरची) गोळी घेतलेली असली तर ती घात करते. आणि ‘जोरजोरात खोका, अटॅक थांबतो’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप पुढे पाठवू नका. घरी असं खोकून काही थांबत नाही, फोन करायचे सेकंद वाया जातात.

मुलं अमेरिकेत आणि आई-वडील पुण्यात किंवा सांगलीत एकटे, अशी कितीतरी घरं मी बघतो. छातीत दुखलं की बाबा आधी न्यू जर्सीला फोन लावतात. मुलांनी आपल्या घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलून ठेवावं : आधी १०८, मग शेजारी, मग मी. आणि एक किल्ली शेजारी.

पाचवी पायरी : माणूस कोसळला

इथे दोनच गोष्टी बघायच्या, आणि त्याही दहा सेकंदांत. दोन्ही खांदे हलवा, मोठ्यानं हाक मारा. प्रतिसाद नाही? छाती नीट वर-खाली होतेय का बघा. नाही? हृदय बंद पडलंय असं धरा. नाडी शोधू नका, भेदरलेल्या हाताला स्वतःचीच नाडी लागते.

आचके. मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे, मध्ये मोठी फट ठेवून येणारे, कधी घोरल्यासारखे, कधी घरघर असलेले. याला श्वास म्हणत नाहीत. आमच्या घरी याच आवाजानं आम्हाला फसवलं. आचके देणारा माणूस अजून वाचू शकतो, म्हणून तर हात लगेच चालू करायचे.

एकाकडे बोट दाखवून सांगा : “तू १०८ लाव, स्पीकर चालू ठेव, सांग की पेशंट बेशुद्ध आहे, श्वास नाही.” पत्ता देवळाच्या, शाळेच्या, पेट्रोल पंपाच्या खुणेनं सांगा. दुसऱ्याला फाटकावर पाठवा, तिसऱ्याला लिफ्ट धरायला.

माणसाला कडक जमिनीवर उताणं ठेवा, पलंगावर नाही. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांदे हातांच्या बरोबर वर. आता वजन टाका : ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, तेव्हाच हृदयात रक्त भरतं. बरगडी कडकन मोडल्यासारखा आवाज येऊ शकतो. थांबू नका, बरगडी जुळते. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला हात खोल जात नाही आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही. तोंडानं श्वास द्यायचं शिकला असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास द्या. नसाल तर नुसती छाती दाबत राहा, मोठ्या माणसात सुरुवातीला तेवढं चालतं. बाई कोसळली आणि आसपास पुरुषच असले तर हात कसा लावायचा म्हणून लोक मागे सरतात. साडी, दुपट्टा, दागिना आड येत असेल तर बाजूला करा आणि दाबा. लाज धरण्याएवढा वेळ तिच्याकडे नसतो.

काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाबत राहिलात तर हा उतार मंद होतो आणि मशीन येईपर्यंत मेंदू तग धरतो. मशीन म्हणजे एईडी, बाहेरून विजेचा झटका देऊन हृदयाचा ठोका ताळ्यावर आणणारं यंत्र. विमानतळ, मोठी ऑफिसं, काही मॉल, जिम यांमध्ये भिंतीवर पेटीत असतं. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की ते स्वतः बोलायला लागतं. छाती कोरडी करा, एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली चिकटवा, आणि ते ‘दूर व्हा’ म्हणेल तेव्हा सगळे दूर. गरज नसलेल्याला ते झटका देतच नाही, म्हणून चुकीची भीती नको.

लहान मुलं आणि बुडालेली माणसं यांच्या बाबतीत मात्र हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे थांबतं. तिथे नुसती छाती दाबून भागत नाही, आधी तोंडानं श्वास द्यावे लागतात. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसू नका. पावसाळ्यात मोटरीचा किंवा तारेचा धक्का बसला असेल तर आधी मेन स्विच बंद, मगच हात. विजेच्या धक्क्यानं कोसळलेले बरेचदा तरुण असतात, आतलं हृदय निरोगी असतं आणि लगेच दाबायला सुरुवात केली तर ते परत चालू व्हायची आशा चांगली असते.

फ्रिजवरचा कागद

वर्ग संपला की मी प्रत्येकाकडून एक कागद लिहून घेतो, तिथेच, निघायच्या आत. त्यावर एवढंच असतं :

१०८.
घराचा पत्ता, खुणेसकट.
रात्री चालू असलेलं अँजिओप्लास्टीचं हॉस्पिटल आणि त्याचा फोन.
ज्याला छाती दाबता येते त्या शेजाऱ्याचं नाव.
घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्या.

काकूच्या स्वयंपाकघरात हा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे, तेलाच्या बोटांनी पिवळा पडलेला. मागच्या पावसाळ्यात चुलतभावाच्या छातीत दाब आला, रात्री साडेअकराला. तोही म्हणाला, “पित्त असेल.” काकूनं त्याच्याशी वाद घातला नाही. कागदावरचा पहिला नंबर लावला, दाराची कडी काढून ठेवली आणि त्याला भिंतीला टेकून बसवलं. त्याच रात्री त्याची अँजिओप्लास्टी झाली.